मिठाच्या बरणीवरचं ऊन

काका माझ्या वर्गात आले त्या पहिल्या सकाळी त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. शर्टाच्या खिशातून बोटाएवढी पाणसळ काढली. गवंडी वापरतात ना, काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा, तीच, पण छोटी. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि बुडबुडा स्थिर होईपर्यंत तसेच राहिले.

"सरी इल्ला," ते म्हणाले. "डावीकडं उतरतंय."

सरी इल्ला म्हणजे कानडीत 'बरोबर नाही'. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून, पुन्हा पाणसळ ठेवून, खात्री झाल्यावरच त्यांनी हात जोडले. "नमस्कार मिस. चित्रकलेचा क्लास हाच, अल्वा?"

अल्वा म्हणजे 'हो ना'. आणि मैसूरमध्ये शिकवणारी कुठलीही बाई 'मिस' असते. हे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे, सत्तरी ओलांडलेले, उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला कडक इस्त्री. त्यांनी मला मिस म्हणायचं आणि मी त्यांना काका, असं त्या दिवशीच ठरून गेलं.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळं इथं आले आणि इथलीच झाले. कुवेंपुनगरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल आहे. दर रविवारी सकाळी तिथं मोठ्या माणसांना चित्रं काढायला शिकवते. अशा वर्गांत माणसं कशी येतात ते तुम्हीही पाहिलं असेल. कुणाला डॉक्टरांनी मन रमवायला सांगितलेलं असतं, कुणाचं लहानपणी राहून गेलेलं असतं. माझ्याकडे बँकेतल्या एक बाई होत्या, एक दंतवैद्य होते. सगळे हौशी. काका मात्र काम घेऊन आले होते.

"मला सावली शिकवा, मिस," ते म्हणाले. "बाकी सगळं येतं."

आणि ते खोटं नव्हतं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या मैसूरचं. घरात मराठी, पण वाक्याच्या मध्येच कानडी शिरायचं आणि पुन्हा मराठी सुरू व्हायचं, त्यांना स्वतःला ते कळतही नसे. हूटगळ्ळीच्या बाजूला यंत्रांचा एक कारखाना होता, त्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. यंत्राचे सुटे भाग कागदावर असे काढायचे की ते बघून खाली कारागिराला तो भाग घडवता आला पाहिजे.

त्यांनी बरोबर आणलेली गुंडाळी उलगडली. कागदावर एक स्वयंपाकघर होतं. ओटा, गॅस, मांडणी, डबे, कपबशा, झारे, भिंतीवरचं कॅलेंडर, नळ, नळाला बांधलेलं फडकं. एक रेघ वाकडी नव्हती. कॅलेंडरवरचे वारसुद्धा वाचता येत होते.

"छान आहे की," मी म्हणाले.

"घरी दाखवलं. ती म्हणाली, हे माझं स्वयंपाकघर नव्हे. हे हार्डवेअरचं दुकान."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं.

ती म्हणजे काकू. मे महिन्यात याच स्वयंपाकघरात सांडलेल्या पाण्यावरून काकूंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. फिजिओथेरपीची मुलगी येऊन चालवायला लागली. वॉकर धरून काकू पलंगापासून बाथरूमपर्यंत जात, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत. पण खोलीच्या दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या दिशेनं, पाऊल टाकायचं म्हटलं की पाय थरथरायला लागत. घाम फुटे. मग त्या पलंगावर येऊन पडत आणि भिंतीकडं तोंड करत. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम झालंय, आता भीती बसली आहे. अशाच खोलीत राहिल्या तर हळूहळू आहे ते चालणंही जाईल.

आणि जीव सगळा त्या स्वयंपाकघरात. दूध झाकलं का, कॉफीचा फिल्टर कुणी हलवला, हिंगाची डबी जागेवर आहे का, दिवसभर हेच. काकांनी फोनवर फोटो काढून दाखवले. "फोनात सगळं फणसासारखं फुगलेलं दिसतं," काकू म्हणाल्या आणि फोन परत दिला.

"तिला बघायचंय, मिस. पण जायचं नाहीय," काका म्हणाले. "मग मीच आणून दाखवायचं, अल्वा?"

पहिली लढाई झाली ती रचनेवरून. मी म्हटलं, काका, यातलं अर्धं काढून टाकू या.

"कुठलं अर्धं?"

"तुम्हीच ठरवा. चित्रात आधी नजर कुठं जायला हवी?"

"सगळीकडं," ते म्हणाले. "मिस, एक बोल्ट काढायचा राहिला तर मशीन उभं राहत नाही."

"हे बघून कुणी स्वयंपाकघर बांधणार नाहीये, काका."

हे त्यांना मुळीच पटलं नाही. त्यांचा तो अख्खा रविवार नळाला बांधलेलं फडकं खोडायचं की नाही यातच गेला. शेवटी मी पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी खिडकी कापून दिली आणि तिच्यातून बघायला सांगितलं. हातात एक साधन आल्यावर ते एकदम खूष झाले. वर्गभर फिरून त्यांनी सगळ्यांना त्या खिडकीतून पाहिलं. दंतवैद्यांच्या कानापाशी बराच वेळ थांबले. मी म्हटलं, आता घरी जाऊन काकूंना विचारा की त्यांना आठवण कशाकशाची येते.

पुढच्या रविवारी उत्तर घेऊन आले. कॉफीचा फिल्टर, पाण्याचा पितळी तांब्या, मिठाची चिनी मातीची बरणी आणि ओट्यावरची खिडकी.

"एवढंच?" मी विचारलं.

"मीपण तेच विचारलं. मिक्सर नको का? तर म्हणाली, बेडा, नको. मिक्सरची कुणाला आठवण येते?"

त्यांनी नवा कागद घेतला. एवढा मोकळा कागद बघून त्यांना अस्वस्थ वाटत होतं हे मला दिसत होतं. बराच वेळ ते त्या मोकळ्या जागेवरून तळहात फिरवत बसले.

सावलीचं प्रकरण आणखी अवघड. यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये कापलेला भाग दाखवायला तिरक्या, सारख्या अंतराच्या रेघा मारतात. काकांनी बरणीच्या सावलीतही तशाच रेघा मारल्या. बरणी करवतीनं कापल्यासारखी दिसायला लागली.

मी खिडकीपाशी पांढरा कपडा अंथरला, त्यावर एक लिंबू ठेवलं आणि म्हटलं, काढू नका, नुसतं बघा. डोळे बारीक करून बघा, म्हणजे रेघा पुसट होतील आणि उजेड-अंधार तेवढा उरेल. काकांनी डोळ्यांबरोबर सगळा चेहराच असा आवळला की बँकेतल्या बाई घाबरून पाणी घेऊन आल्या. त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

कितीतरी वेळानं ते अगदी हळू म्हणाले, "मिस, सावलीत उजेड आहे."

लिंबाच्या खालच्या, अंधाऱ्या बाजूला कपड्यावरचा उजेड उलटून आला होता. आणि कपड्यावरच्या सावलीत, लिंबाच्या अगदी बुडाशी, एक पिवळट झाक होती. शिकवणाऱ्याला हे सगळं पाठ असतं. पण आयुष्यभर काळ्या रेघांबरोबर राहिलेला माणूस ते पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघत राहावंसं वाटतं. त्या दिवशी त्यांनी एकदाही सरी इल्ला म्हटलं नाही. "नोडी, नोडी," बघा, बघा, एवढंच पुटपुटत होते.

त्यानंतर मला आठवड्यात अधूनमधून फोन यायला लागले.

"मिस, उभ्या बसखालची सावली चाकापाशी काळी आहे आणि कडेला फिकट. तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, काका."

"मग सांगितलं का नाही?"

दुसरं चित्र झालं तेव्हा मी मनापासून वाहवा केली. मोजक्या वस्तू, मऊ सावल्या, तांब्याच्या पोटावर खिडकीचा उजेड. काका ते घेऊन घरी गेले आणि रविवारी तसंच परत घेऊन आले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, छान आहे. पण हे तुम्ही बघता ते. दारात उभं राहून. कॉफी झाली का विचारायला येता ना, तेव्हा असं दिसतं."

चित्र खरंच दारातून काढलेलं होतं. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. यथार्थदर्शनाचे सगळे नियम त्यात बिनचूक होते. लांबच्या वस्तू लहान, ओट्याच्या कडा नेमक्या जिथं मिळायला हव्यात तिथं मिळत होत्या. पण ते सगळं दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतून.

"लग्न झाल्यापासून मी त्या दाराच्या आत गेलोच नाही, मिस," काका म्हणाले. ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "म्हणजे गेलो असेन. पाणी प्यायला. पण उभा नाही राहिलो."

"मग आता उभे राहा," मी म्हटलं. "काकू उभ्या राहतात तिथं."

ते उभे राहिले. तरी चित्र जमेना. त्यांना बरणीचं झाकण वरून दिसत होतं, फिल्टरचं तोंड गोल दिसत होतं, आणि काकू म्हणत होत्या की मला झाकण असं कधी दिसलंच नाही. मी म्हटलं, काका, काकू तुमच्या कुठपर्यंत येतात? त्यांनी खांद्याच्या खाली हात लावला. मग स्वतःच थबकले. डोळ्याची पातळी खाली आली की सगळं चित्र बदलतं हे या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती पातळी कुणाच्या डोळ्यांची, हे मात्र ड्रॉइंग ऑफिसात कधी विचारावं लागलं नव्हतं.

त्यांनी घरी जाऊन काकूंना वॉकर धरून भिंतीशी उभं केलं, डोळ्यांच्या उंचीवर पेन्सिलीनं खूण केली, तेवढ्याच उंचीची खूण स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या भिंतीवर केली. मग एक स्टूल आणलं. त्यावर बसून पाठ जराशी वाकवली की डोळे बरोबर खुणेला येत.

त्या संध्याकाळी फोन आला.

"काका?"

"मिस, मला त्या खिडकीतून समोरचं घर दिसतं. झाड दिसतं. तिला नुसतं आभाळ दिसतं. इतकी वर्षं ती आभाळाकडं बघत पोळ्या लाटत होती. मला वाटायचं, भिंतीकडं बघतेय."

नोव्हेंबर संपत आला होता. आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी सकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज तापलेला. "तुम्ही आत्ता येऊ शकाल? ऊन निघून जायच्या आधी? घरात भांडण चाललंय."

त्यांचं घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडं. मी स्कूटर काढली. काकूंना मी तोवर पाहिलं नव्हतं. पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, ठेंगण्या, केसांची घट्ट वेणी, नाकात चमकी. पायाशी खुर्चीवर चित्र उभं करून ठेवलेलं.

"तुम्हीच का ती मिस?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय शिकवलंत हो यांना? काल ताटात दोसा गार झाला. दोशाची सावली बघत बसले."

मी चित्राकडं वळले. आणि खरं सांगते, मी शिकवलेल्या कुणाचंच चित्र बघून मला असं झालं नव्हतं. ओट्याची कड खालून वर आलेली, फिल्टर आणि तांब्या डोळ्यांसमोर उभे, उजव्या कोपऱ्यात बरणी, तिच्या झाकणाची नुसती एक बारीक कड. वर खिडकी, खिडकीत आभाळ. डावीकडं उन्हाचा एक पट्टा फिल्टरवर पडलेला आणि बरणी सावलीत, पण त्या सावलीतही उजेड होता. असं वाटत होतं की आपण ओट्याशी उभं राहून आता हात पुढं करणार आहोत.

"सगळं बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "ऊन तेवढं चुकलंय."

"चुकलेलं नाही," काका म्हणाले.

"मी दूध उतरवते तेव्हा ऊन बरणीवर असतं. मीठ घ्यायला हात लावला की बरणी कोमट लागते. माझ्या हाताला ठाऊक आहे ते."

"मी आठवडाभर रोज बसून बघतोय. बरणीवर ऊन येतच नाही. फिल्टरवर येतं."

"तुम्ही दारात उभे असाल."

"स्टुलावर बसलो होतो! तुझ्या उंचीवर!"

"मग डोळे मिटले असाल. आजकाल सारखे मिचमिचे करून बघता."

काकांनी माझ्याकडं बघितलं. "बघा मिस. हे असं सकाळपासून."

"मिस, तुम्हीच जाऊन बघून या," काकू म्हणाल्या. मी उठणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "नको. तुम्ही त्यांच्या क्लासच्या. तुम्ही त्यांचीच बाजू घ्याल." त्यांनी पांघरूण बाजूला केलं, दोन्ही पाय खाली सोडले. "वॉकर कुठाय?"

काकांनी वॉकर त्यांच्यापुढं आणून ठेवला आणि ते मागं सरले.

काकू उठल्या. खोलीतून दारापर्यंत त्या चांगल्या तरतरीत गेल्या, रागानं माणूस चालतो तशा. दाराबाहेर छोटा बोळ होता आणि त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. तिथवरही गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात मात्र वॉकर थांबला. मी मागून बघत होते. वॉकरच्या पायांची रबरं फरशीवर टकटक वाजायला लागली. त्या खाली एका जागेकडं बघत होत्या.

"इथंच," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

काका त्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले होते. दोन्ही हात थोडे पसरलेले, पण काकूंना त्यांनी धरलं नाही. "कोरडी आहे फरशी," ते म्हणाले. "मी पुसलीय. परत पुसू?"

काकूंनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. वॉकर वाजत राहिला. मला वाटलं, आता त्या वळणार. मी पुढं होऊन काही तरी बोलणार होते, बहुतेक राहू दे म्हणणार होते. तेवढ्यात काकूंनी मान वर केली, समोर उभ्या असलेल्या त्या उंच माणसाकडं बघितलं आणि वैतागून म्हणाल्या, "बाजूला व्हा ना. ऊन दिसत नाही मला."

काका बाजूला झाले. काकू आत गेल्या.

ओट्याशी पोचल्यावर त्यांनी वॉकर सोडून ओट्याची कड धरली. उन्हाचा पट्टा फिल्टरवर होता. चित्रात होता अगदी तिथंच. बरणी उजव्या कोपऱ्यात, सावलीत. काकू बघत राहिल्या. मग त्यांनी हात लांब करून बरणीच्या पोटावर तळवा टेकवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी जिंकल्याचं तोंड केलं नाही. मी त्यांच्याकडंच बघत होते.

"महिना कुठला चाललाय?" काकूंनी विचारलं.

"नोव्हेंबर."

"अय्यो." काकू खिडकीतल्या आभाळाकडं बघत होत्या. "मी मे महिन्याचं ऊन धरून बसलेय."

मग काकांनी त्यांना हातवारे करून सांगितलं, उन्हाळ्यात सूर्य त्या डाव्या बाजूनं वर येतो म्हणून ऊन उजवीकडं बरणीवर पडतं, आता तो उजव्या बाजूला सरकलाय म्हणून ऊन डावीकडं. "तुझंही सरी," ते म्हणाले. "माझंही सरी."

काकूंनी ऐकून घेतलं की नाही कोण जाणे. त्यांचं लक्ष फिल्टरकडं गेलं होतं. झाकण उचलून त्यांनी आत उतरलेला कॉफीचा अर्क बघितला. "हे डिकॉक्शन आहे? एवढं पातळ? तुम्ही हे मला रोज पाजत होता?"

त्या दिवशी कॉफी त्यांनी केली. काकांनी आणलेलं स्टूल त्यांनी नाकारलं, ओट्याला पोट टेकवून उभ्या राहिल्या आणि मध्येच दमल्यावर मात्र न बोलता त्याच स्टुलावर बसल्या. साखर जास्त पडली होती. मी कप संपवला.

फाटकापाशी मी काकांना हळूच विचारलं, "काका, ऊन मुद्दाम तिथं काढलं नव्हतं ना? त्या उठाव्यात म्हणून?"

ते इतके दुखावले की मला शब्द परत घ्यावेसे वाटले. "मिस! मी चुकीचं ड्रॉइंग काढीन?"

मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले. काचा पुसून झाल्या तरी पुसत राहिले. त्यांना माझ्यासमोर चष्मा घालावा लागू नये म्हणून मी स्कूटर सुरू केली.

भीती काही एका सकाळीत जात नाही. पुढचे कितीतरी दिवस काकू दारात थबकायच्या, वॉकर वाजायचा. काकांनी फरशीवर खरखरीत पायपुसणी टाकली, ओट्याला धरायला लाकडी दांडी बसवून घेतली, अर्थात पाणसळ लावून. वॉकरची काठी झाली. काठी हळूहळू दाराशीच टेकवून ठेवली जाऊ लागली.

फेब्रुवारीत आम्ही वर्गातल्या सगळ्यांची चित्रं हॉलमध्ये लावली. आमचा जिना अरुंद आहे. काकू तो चढून आल्या, कठडा धरून, कुणाचाही हात न घेता, आणि वर आल्यावर धापा टाकत पहिल्यांदा काकांच्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गर्दी होती. बँकेतल्या बाईंनी आपल्या एका मैत्रिणीला आणलं होतं. ती बाई चित्राकडं बघून म्हणाली, "सुंदर आहे. पण किती रिकामं वाटतं ना? स्वयंपाकघरात कुणीच नाही."

काकू तिच्याकडं वळल्या. "कुणी नाही कसं? मी आहे ना. मी बघतेय."

त्या बाईला काही कळलं नाही. काका खिडकीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्यासारखे ते माझ्या हॉलच्या छताकडं बघत राहिले.

त्यानंतरही ते येत राहिले. वांगी काढली, छत्री काढली, माझी चपलांची मांडणी काढली. वस्तू मोजक्याच. नव्या येणाऱ्यांना तेच पुठ्ठ्याची खिडकी हातात द्यायचे आणि म्हणायचे, आधी कुणाच्या डोळ्यांनी बघायचं ते ठरवा, पेन्सिल नंतर. मी आपली एका बाजूला उभी.

दसऱ्यानंतर मात्र ते यायचे बंद झाले. एक रविवार गेला, दोन गेले. त्यांच्या वयाच्या माणसाबद्दल अशा वेळी मनात भलतंच येतं. मी फोन केला. फोन काकूंनी उचलला, मागं कुकरची शिट्टी वाजत होती.

"ते ना, साइटवर असतात," काकू म्हणाल्या. "मुलगी घर बांधतेय हूटगळ्ळीला. सकाळी जातात ते जेवायलाच येतात. मीपण जाते कधी कधी, रिक्षानं. तुम्ही एकदा जाऊन बघा. गवंडी रडकुंडीला आलाय."

डिसेंबरात एका दुपारी मी गेले. हूटगळ्ळीत आता नव्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहताहेत. त्यातलंच एक, विटांच्या भिंती छातीपर्यंत आलेल्या काही ठिकाणी, काही ठिकाणी पुऱ्या झालेल्या. काका नव्हते. त्यांची मुलगी होती, हेल्मेट हातात, ऑफिसला निघालेली. कानडी-इंग्रजीतून वाट काढत ती मराठी बोलते.

"आत्ताच गेले, आँटी. अम्मापण होती. दोघं जेवायला गेले." ती मला आत घेऊन गेली. "हे किचन. अप्पांनी काय केलं ठाऊक आहे? मला इथं उभं केलं, ओटा येणार तिथं. मग माझ्या नवऱ्याला. तो पण कुकिंग करतो ना. दोघांच्या डोळ्यांची हाइट घेतली आणि मग खिडकी कुठं ते सांगितलं. प्लॅनमध्ये खूप वर होती. गवंडी म्हणाला, असं कुणी करत नाही."

पूर्वेच्या भिंतीत खिडकीची चौकट उघडी होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. आभाळ दिसलं, आणि खाली रस्ता, त्यावरून जाणारी एक सायकल, पलीकडं कुणाचं तरी कपडे वाळत घातलेलं अंगण.

सकाळचं ऊन केव्हाच निघून गेलं होतं. पण खाली कच्च्या, सिमेंटच्या धुळीनं भरलेल्या जमिनीवर, डावीकडं, खडूनं एक तिरका चौकोन आखलेला होता. पट्टी लावून. त्यात काकांच्या ड्रॉइंगमधल्या अक्षरांत लिहिलं होतं, डिसेंबर, आणि खाली वेळ.

उजवीकडं, बरंच लांब, दुसरा एक चौकोन होता. वाकडातिकडा, एक कोपरा न जुळलेला.

"तो अम्माचा," मुलगी हसली. "बादली उलटी घालून तिच्यावर बसून काढला. म्हणते, मे महिन्यात ऊन इथपर्यंत येणार. अप्पा म्हणतात, एवढं लांब येणारच नाही. भांडत भांडतच गेले जेवायला."

तिला उशीर होत होता. आम्ही निघालो. दोन्ही चौकोनांच्या मधून, कुठल्याच रेघेला पाय लागू न देता, मी जपून बाहेर आले.